अली विरुद्ध मार्सियानो : शंभर वेळा लढवून पाहिलं तर

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत एकाच वेळी एक मुष्टियुद्ध दाखवलं गेलं. एका कोपऱ्यात रॉकी मार्सियानो, दुसऱ्या कोपऱ्यात मोहम्मद अली. दोघेही हेवीवेट गटाचे माजी जगज्जेते, आणि त्या दिवसापर्यंत व्यावसायिक रिंगणात दोघांपैकी एकालाही कुणी हरवलेलं नव्हतं. तेराव्या फेरीत मार्सियानोच्या ठोशांनी अली खाली गेला, तो वेळेत उठला नाही. प्रेक्षक हे पाहत होते तेव्हा मार्सियानोला जाऊन जवळपास पाच महिने झाले होते.

लढत अर्थातच बनवलेली होती. मायामीतल्या मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याने १९६७ मध्ये वेगवेगळ्या काळातल्या सोळा हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची स्पर्धा एनसीआर ३१५ या संगणकावर खेळवली होती. त्या स्पर्धेत अली उपांत्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून हरला आणि अंतिम फेरीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अलीने बदनामीचा दावा लावला. तडजोड अशी झाली की अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर उतरायचं. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे २७ वर्षांच्या अलीला त्या वेळी कुठेच लढू दिलं जात नव्हतं. ४५ वर्षांच्या मार्सियानोने या चित्रीकरणासाठी बरंच वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. १९६९ मध्ये मायामीतल्या एका स्टुडिओत एकेका मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या चित्रित झाल्या, निरनिराळे शेवटही घेतले गेले. त्यातला कोणता वापरायचा ते संगणक ठरवणार होता. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, शेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मार्सियानो विमान अपघातात गेला. युरोपात पुढे जी आवृत्ती दाखवली गेली तिच्यात मार्सियानोच्या जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो.

एकाच लढतीचे दोन निकाल म्हटल्यावर सगळाच प्रकार धूळफेक वाटतो. संगणकाला जे भरवलं होतं ती मुळात जाणकारांची आणि क्रीडापत्रकारांची मतंच होती, त्यामुळे त्याच्या निकालाला फारसं वजन देता येत नाही, हे खरं. पण दोन वेगळे निकाल असणं ही त्या प्रकारातली चूक मानायला मी तयार नाही. ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाचं खरं उत्तर एका नावात मावत नाही. ते ‘शंभरातून किती वेळा, आणि कसं’ अशाच रूपात देता येतं. आणि ते देताना हवेत बोलायची गरज नाही. ठोसा म्हणजे गती, वस्तुमान आणि वेळ. या तिन्ही गोष्टी मोजता येतात, मोजल्याही गेल्या आहेत.

आधी माणसं नक्की करायला हवीत. कारण ‘अली’ म्हणजे एक माणूस नाही, निदान दोन तरी आहेत. मी १४ नोव्हेंबर १९६६ चा अली घेतो. त्या दिवशी ह्यूस्टनमध्ये त्याने क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवलं. वय २४, उंची १९१ सेंटिमीटर, वजन साडेशहाण्णव किलोच्या आसपास. पुढच्या वर्षी बंदी आली आणि १९७० च्या ऑक्टोबरमध्ये तो परतला तेव्हा त्याचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. नंतरच्या अलीने जे काही जिंकलं ते डोक्याने आणि सोसण्याच्या ताकदीवर. मार्सियानो घ्यायचा तो २३ सप्टेंबर १९५२ चा, फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटकडून विजेतेपद हिसकावणारा. वय २९, उंची १७८ सेंटिमीटर, वजन ८४ किलोच्या जवळ. आजच्या नियमांत हेवीवेट गट २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या पुढे सुरू होतो. आज मार्सियानो एक गट खाली, क्रूझरवेटमध्ये लढला असता.

बारा किलोंचा फरक डोळ्यांत भरतो, पण माझ्या मते लढतीची किल्ली वजनात नाही, वेळेत आहे.

१९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट मुष्टियोद्धा फ्रँक ब्रूनो याचा ठोसा मोजला. छताला टांगलेल्या, गादी गुंडाळलेल्या आणि संवेदक बसवलेल्या एका वजनावर त्याला मारायला सांगितलं. ठोसा सुरू झाल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात मूठ ४९ सेंटिमीटर जाऊन आदळली. आदळतानाचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता. अलीच्या जॅबचंही, म्हणजे पुढच्या हाताने मारलेल्या झटपट सरळ ठोशाचंही, मोजमाप झालं आहे. १९६९ मध्ये एका अमेरिकी क्रीडा साप्ताहिकाने ते करवलं. सुमारे ४२ सेंटिमीटरवर ठेवलेली बाल्सा लाकडाची फळी अलीने इशारा मिळाल्यापासून १९ शतांश सेकंदात फोडली. त्यातला हाताचा प्रत्यक्ष प्रवास फक्त ४ शतांश सेकंदांचा. उरलेले १५ शतांश कुठे गेले? डोळ्याने इशारा टिपला, मेंदूने ओळखला, चेतातंतूंनी स्नायूंपर्यंत आज्ञा पोचवली, त्यात गेले.

हाच विलंब समोरच्यालाही लागू असतो. डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला निरोगी तरुणाला साधारण १८ ते २० शतांश सेकंद लागतात. जवळून मारलेला ठोसा १० शतांशांत पोचतो. म्हणजे मूठ येताना पाहून ती चुकवणं कुणालाच शक्य नाही, अलीलाही नाही. चांगला मुष्टियोद्धा मूठ पाहतच नाही. तो समोरच्याचा खांदा, कंबर, पावलावर जाणारा भार यांवरून ठोसा निघायच्या आधीच त्याचा अंदाज बांधतो. जे अंदाजातून सुटतं ते लागतं.

मग बाहूंचा पल्ला इतका महत्त्वाचा का? आता हे गणित उलगडतं. दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पल्ला. अलीचा १९८ सेंटिमीटर, मार्सियानोचा १७३. फरक २५ सेंटिमीटरांचा. अनेक जण इथे घसरतात आणि अलीचा हात २५ सेंटिमीटर लांब होता असं धरून चालतात. पल्ल्यात दोन्ही हात आणि छातीची रुंदीही येते, म्हणून एका हातामागे फरक फार तर १२ सेंटिमीटर. पण हे बारा सेंटिमीटर मार्सियानोला पायाने भरून काढावे लागतात, आणि पाय मुठीइतका वेगवान नसतो. समजा शरीर सेकंदाला दीड मीटर वेगाने पुढे घुसलं, तर १२ सेंटिमीटरांना ८ शतांश सेकंद लागतील. ठोशाचे १० आणि घुसण्याचे ८ मिळून झाले १८. म्हणजे पाहून चुकवता येण्याच्या उंबरठ्यावरच आपण येऊन पोचतो.

मला या आकड्याने फार दिवस पछाडलं आहे. मार्सियानोचा ठोसा अलीला ‘दिसून चुकवता येईल’ आणि ‘दिसूनही चुकवता येणार नाही’ यांच्या बरोबर सीमेवर पडतो. अली ताजातवाना असेल, एक पाऊल मागे राहून तरंगत असेल, तर अंतर आणखी पाच-दहा सेंटिमीटर वाढतं आणि तो सुरक्षित होतो. पोटऱ्या भरून आल्या, ते पाऊल मागे पडलं नाही, की तोच ठोसा कानशिलावर बसतो. सगळा झगडा तीन-चार शतांश सेकंदांचा, आणि ते शतांश फेरीगणिक झिजत जाणारे. उलट बाजूने पाहिलं तर अलीचा जॅब जागच्या जागी उभा राहून पोचतो, म्हणून मार्सियानोला तो पाहून चुकवायची सोयच नाही. त्याच्यापुढे एकच उपाय उरतो : लक्ष्य स्थिर ठेवायचं नाही. त्याचे प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी त्याला नेमकं हेच शिकवलं होतं. गुडघ्यात वाकून, डोकं खाली घालून, डावी-उजवीकडे झुलत पुढे सरकायचं. आधीच बुटका असलेला मार्सियानो आणखी बुटका होऊन लढायचा, त्याचं कारण हे होतं.

आता ताकदीकडे वळू. इथे एक दंतकथा आडवी येते. मार्सियानोच्या ठोशात चिलखतभेदी गोळीहून जास्त ऊर्जा होती, १००० पौंड वजन एक फूट उचलायला लागेल तितकी, असं १९६३ मध्ये एका मुष्टियुद्धविषयक मासिकात छापून आलं आणि तेव्हापासून ते उद्धृत होत आलं आहे. पडताळून पाहायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. १००० पौंड एक फूट उचलायला सुमारे १३५६ ज्यूल लागतात. आणि ठोशाची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. यातलं वस्तुमान पूर्ण शरीराचं नसतं. आदळण्याच्या त्या क्षणी हाताच्या आणि खांद्याच्या ज्या भागाचा भार खरोखर मुठीमागे असतो तेवढंच मोजायचं, त्याला परिणामी वस्तुमान म्हणतात. २००५ मध्ये ऑलिम्पिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांवर झालेल्या एका अभ्यासात ते सरासरी २.९ किलो भरलं आणि मुठीचा वेग सेकंदाला ९ मीटरांच्या थोडा वर. मार्सियानोला उदारपणे ४ किलो आणि ९ मीटर देऊ. ऊर्जा येते १६२ ज्यूल. १३५६ ज्यूल हवे असतील तर त्याच चार किलोंना सेकंदाला २६ मीटर, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर वेगाने जावं लागेल. माणसाचा हात तसा जात नाही.

दंतकथा खोटी ठरली म्हणून मार्सियानोचा ठोसा लहान होत नाही. १६० ज्यूल काही कमी नाहीत, आणि खरा परिणाम ऊर्जेपेक्षा बल किती थोड्या वेळात आणि कुठे पोचतं यावर ठरतो. ब्रूनोच्या ठोशाचं सर्वोच्च बल ४०९६ न्यूटन होतं, तेही स्पर्शानंतर १४ सहस्रांश सेकंदांच्या आत. टांगलेल्या वजनाला त्याने गुरुत्वाकर्षणाच्या ५३ पट त्वरण दिलं. सहा किलोंचा, गादी लावलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने घुमवून मारावा, तसा तो आघात. हे बल दंडातून येतं असं आपल्याला वाटतं, पण ते जमिनीतून येतं. सोव्हिएत संशोधकांनी १९८५ मध्ये वरच्या दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांत ठोशाचा सुमारे ३८ टक्के वाटा पायांच्या रेट्याचा, ३७ टक्के धडाच्या पिळाचा आणि जेमतेम २४ टक्के हाताचा असल्याचं दाखवलं. दर्जा जितका खालचा, तितका पायांचा वाटा कमी. वाकलेल्या गुडघ्यांतून वर उसळणारा मार्सियानो या साखळीची पहिली कडी पुरेपूर वापरत होता. आखूड हातांचा, सर्वांत जड नसलेला माणूस ४९ पैकी ४३ लढती नॉकआउटने का जिंकू शकला, याचं मला पटणारं स्पष्टीकरण हेच आहे.

नॉकआउट म्हणजे नक्की काय होतं, तेही सांगायला हवं. १९४० च्या दशकात ऑक्सफर्डमधल्या होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरणं जास्त घातक असतं. मेंदूचा ऊतक घट्ट जेलीसारखा असतो : तो दाबला जात नाही, पण सहज पिळला जातो. कवटी झटक्यात फिरते, दीड किलोच्या आतबाहेरचा मेंदू मागे रेंगाळतो, आणि खोलवरचे तंतू ताणले जातात. जागं राहण्याची यंत्रणा सांभाळणारे मेंदूच्या खोडातले भाग क्षणभर विस्कळीत होतात आणि माणूस जमिनीला लागण्याआधीच शुद्ध हरपतो. हनुवटी हा या फिरण्याचा दांडा. मानेच्या आसापासून ती सर्वांत लांब, म्हणून तिथे लागलेला ठोसा डोक्याला सर्वांत जास्त फिरवतो. मान आधी आवळलेली असेल तर डोक्यामागे धडाचं वजन उभं राहतं आणि फिरणं कमी होतं. त्यासाठी ठोसा येतोय हे कळायला हवं. जो दिसत नाही तो ठोसा माणसाला पाडतो असं मुष्टियोद्धे म्हणतात ते यामुळे.

इथे अलीचा एक पैलू मार्सियानोच्या बाजूने झुकतो आणि एक विरुद्ध. हात कमरेजवळ ठेवून डोकं मागे खेचणं ही अलीची सवय होती. सरळ येणाऱ्या ठोशाविरुद्ध ती उत्तम चालते. बाजूने, नजरेच्या कडेकडून येणाऱ्या हूकविरुद्ध चालत नाही. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ मध्ये जो फ्रेझर, तिघांनी अलीला खाली बसवलं ते डाव्या हूकने. मार्सियानोचं मुख्य हत्यार मात्र उजवा हात होतं, डोक्यावरून वळून खाली येणारा त्याचा उजवा ठोसा. म्हणजे अलीची सगळ्यांना ठाऊक असलेली फट त्याच्या सर्वोत्तम ठोशाच्या वाटेवर नव्हती. पण डाव्या हूकपासून लांब राहायला अलीला स्वतःच्या डावीकडे सरकावं लागतं, आणि तिकडेच मार्सियानोचा उजवा हात थांबलेला असतो. पहिली फट दुसरीकडे नेऊन सोडते. आणि विरुद्ध जाणारा पैलू असा की लिस्टन, फोरमन, फ्रेझर, शेव्हर्स या जबरदस्त ठोसेबाजांचे ठोसे झेलूनही संपूर्ण कारकिर्दीत अलीला दहा आकडे मोजून कुणी बाद केलं नाही. तो एकदाच मुदतीआधी हरला, २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सविरुद्ध. तेव्हा त्याच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी दहाव्या फेरीनंतर लढत थांबवली.

मार्सियानोची बाजू घेणारे लोक सर्वांत आधी ४९-० हा आकडा पुढे करतात. या आकड्याचा मला आदर आहे, पण तो काय सांगतो ते नीट ऐकावं. संख्याशास्त्रात तीनचा नियम म्हणून एक सोपी युक्ती आहे. एखादी गोष्ट ‘क’ प्रयत्नांत एकदाही घडली नाही, तर तिची खरी शक्यता ९५ टक्के खात्रीने ३ भागिले ‘क’ पेक्षा कमी असते. ३ भागिले ४९ म्हणजे सुमारे ६ टक्के. दर लढतीत हरण्याची शक्यता ६ टक्के असलेला माणूसही शंभरातून पाच कारकिर्दींत ४९-० करून जाईल. शिवाय हे सहा टक्के त्याला जे प्रतिस्पर्धी मिळाले त्यांच्यापुरते. १९५१ मध्ये त्याने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता, वॉलकॉट ३८ चा. आणि १९५० मध्ये रोलंड ला स्टार्झाविरुद्ध तो दोनास एक अशा विभागलेल्या निर्णयाने वाचला होता. एका पंचाची पेन्सिल इकडची तिकडे झाली असती तर आज आपण ४९-० म्हणत नसतो.

समान प्रतिस्पर्धी शोधून तुलना करावी म्हटलं तर दोघांशीही लढलेला माणूस एकच सापडतो, आर्ची मूर. २१ सप्टेंबर १९५५ रोजी त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं आणि नवव्या फेरीत तो स्वतः बाद झाला. १५ नोव्हेंबर १९६२ रोजी, तेव्हा कॅशियस क्ले असलेल्या अलीने त्याला चौथ्या फेरीत संपवलं. एकाला नऊ फेऱ्या लागल्या, दुसऱ्याला चार. पण मधल्या सात वर्षांत मूर चाळिशी ओलांडून गेला होता. या एका धाग्यावर काहीही टांगता येत नाही.

मला वाटतं, या वादातली सर्वांत मोठी चूक या धाग्याच्याही मुळाशी आहे. ‘क’ ने ‘ख’ ला हरवलं, ‘ख’ ने ‘ग’ ला हरवलं, म्हणून ‘क’ ‘ग’ ला हरवेल, हे आपण न तपासता धरून चालतो. उंचीच्या बाबतीत हे खरं असतं. लढतींच्या बाबतीत असेलच असं नाही. तीन फासे घ्या. पहिल्याच्या बाजूंवर २, ४, ९ हे आकडे दोन-दोनदा, दुसऱ्यावर १, ६, ८ आणि तिसऱ्यावर ३, ५, ७. तिन्हींची बेरीज सारखी, सरासरी सारखी. पण पहिला फासा दुसऱ्याला नवातून पाच वेळा हरवतो, दुसरा तिसऱ्याला नवातून पाच वेळा, आणि तिसरा परत पहिल्याला नवातून पाच वेळा. कागदावर नऊ जोड्या मांडून बघा, पाच मिनिटांत पटेल. यात ‘सर्वश्रेष्ठ फासा’ असं काही नसतंच.

निसर्गातही हे घडतं. कॅलिफोर्नियात एक लहानसा सरडा आहे, त्याच्या नरांच्या गळ्याचे तीन रंग असतात. नारिंगी गळ्याचे दांडगट नर निळ्यांचा प्रदेश बळकावतात. निळे आपल्या मादीवर पहारा ठेवतात, म्हणून चोरून शिरणाऱ्या पिवळ्यांना हुसकून लावू शकतात. आणि पिवळे नर नारिंगींच्या मोठ्या, पहारा न परवडणाऱ्या प्रदेशात मादीसारखे दिसत घुसतात. बॅरी सिनर्व्हो आणि कर्टिस लाइव्हली यांनी १९९६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तिथेही कोणता रंग श्रेष्ठ, या प्रश्नाला उत्तर नाही.

आता १९७० च्या दशकातलं रिंगण पाहा. ८ मार्च १९७१ रोजी फ्रेझरने अलीला हरवलं. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केलं. अलीने पुढे फ्रेझरला दोनदा हरवलं, त्यामुळे हे वर्तुळ कच्चं आहे असं कुणी म्हणेल. मग केन नॉर्टन घ्या. त्याने १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून विजय मिळवला, नंतरच्या दोन्ही लढतींतही अलीला शेवटपर्यंत झुंजवलं. त्याच नॉर्टनला फोरमनने १९७४ मध्ये दुसऱ्या फेरीत लोळवलं. फोरमनचे रुंद, घुमवून मारलेले ठोसे त्यांच्या टप्प्यात येणाऱ्याला ठेचतात, आणि फ्रेझर-नॉर्टन यांना त्या टप्प्यात आल्याशिवाय लढता येत नव्हतं. १९५२ चा मार्सियानोही याच जातीचा. म्हणून फोरमनविरुद्ध मार्सियानो मला अवघड दिसतो. पण अलीविरुद्ध? अलीला आयुष्यभर सर्वांत जास्त त्रास दिला तो दमदार, बुटक्या, डोकं हलवत आत शिरणाऱ्या फ्रेझरने. मार्सियानोचा सर्वांत जवळचा नातलग तोच. जो फोरमनपुढे टिकला नसता तो अलीला जड जाईल, हे विसंगत वाटेल, पण वर्तुळाचा अर्थ हाच.

आता शंभर लढती खेळवू. अण्वस्त्रांच्या संशोधनातून १९४० च्या दशकात लॉस अलामॉसमध्ये स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी मोन्टे कार्लो पद्धत पुढे आणली. ज्या प्रक्रियेत पायरीपायरीला योगायोग आहे, ती एकदा न चालवता हजारो वेळा चालवायची आणि उत्तरांची विभागणी बघायची. वोरोनरच्या यंत्रातून लोकांपुढे आला तो अशा एका खेळीचा निकाल. एका खेळीत काहीही येऊ शकतं.

समजा मार्सियानोचा नीट बसलेला प्रत्येक जोरदार ठोसा अलीला बाद करण्याची शक्यता २ टक्के आहे. हा आकडा मी निव्वळ हिशोबासाठी धरला आहे. असे बारा ठोसे बसले, तर त्यांपैकी एखाद्याने काम होण्याची शक्यता साडेएकवीस टक्के. चाळीस बसले, तर पंचावन्न टक्के. ठोशाची ताकद तीच, फरक पडला तो संख्येने. म्हणून फेऱ्यांची संख्या कळीची ठरते. दोघांच्याही काळात विजेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. १३ नोव्हेंबर १९८२ च्या लढतीत झालेल्या दुखापतीने किम डुक-कू हा कोरियन मुष्टियोद्धा दगावला, त्यानंतर ती बारावर आणली गेली. शेवटच्या तीन फेऱ्या कापल्या तर मार्सियानोचं नुकसान नुसतं पाचव्या हिश्शाचं होत नाही. अलीचे ते तीन-चार शतांश सेकंद झिजून संपतात त्याच या फेऱ्या.

अलीच्या बाजूने चालणारा हिशोबही असाच साचत जातो, फक्त तो कातडीवर. भुवईखालच्या हाडाची कडा धारदार असते आणि तिच्यावर कातडी पातळ. ठोसा तिरका घासून गेला की दोन्हींच्या मध्ये ती फाटते. १७ सप्टेंबर १९५४ रोजी एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या लढतीत मार्सियानोची नाकपुडी चिरली गेली. रक्त थांबेना. लढत पंच केव्हाही थांबवतील अशी स्थिती असताना आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला बाद करून ती वाचवली. अलीचा जॅब मुठीला शेवटच्या क्षणी पीळ देऊन येई, आणि कूपरला त्याने पाचव्या फेरीत हरवलं ते डोळ्याजवळ कातडी उघडूनच. म्हणून युरोपात दाखवलेला शेवट मला अमेरिकेत दाखवलेल्या शेवटाइतकाच, किंबहुना जास्त, शक्य वाटतो.

माझा अंदाज मागाल तर १९६६ चा अली शंभरातून सत्तरच्या आसपास लढती जिंकेल. त्यांतल्या निम्म्याहून अधिक गुणांवर, बाकीच्या बहुतेक जखमांवर, आणि शुद्ध नॉकआउटने फारच थोड्या, कारण मार्सियानोलाही कारकिर्दीत कुणी बाद करू शकलं नव्हतं. १९७१ चा, पाय जड झालेला अली घेतला तर मी हा आकडा पन्नासच्या जवळ आणेन. तो फ्रेझरशी पंधरा फेऱ्या ज्या तऱ्हेने लढला, ते पाहून याहून जास्त देववत नाही.

आणि उरलेल्या तीस लढती? त्या कशा दिसतील याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे स्पष्ट आहे. पहिल्या पाच फेऱ्या पाहवत नाहीत, इतका मार्सियानो मार खातो. सातव्या-आठव्यापासून त्याचे ठोसे अलीच्या दंडांवर, खांद्यांवर, बरगड्यांवर बसू लागतात. दंड सुजले की हात उशिरा उठतो, तेही शतांशांनीच. गुणपत्रिकांवर अली बराच पुढे असतो. वॉलकॉटही होता. फिलाडेल्फियात बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिका त्याच्याच बाजूने होत्या. तेरावी सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. दोघांनी एकाच वेळी उजवा हात उगारला, मार्सियानोचा जेमतेम हातभर अंतरातून आधी पोचला, आणि वॉलकॉट एक हात दोरावर अडकलेला, गुडघ्यावर घसरत खाली गेला.